आधी डोळे, मग दुर्बीण: आकाशदर्शनाचं पहिलं वर्ष

आकाशदर्शनाची सुरुवात मी नेमकी उलट्या टोकाने केली. आधी दुर्बीण घेतली. खोक्यावर शनीचं झकास रंगीत चित्र आणि ठळक अक्षरांत ‘५२५ पट’. पहिल्या रात्री ती तिपाईवर चढवली, डोळा लावला आणि दिसला तो अंधार. कुठल्या ताऱ्याकडे रोखायची हेच ठाऊक नव्हतं. चुकून एखादा तारा सापडलाच तर तिपाई थरथरायची आणि तारा टुणकन बाहेर. दोन महिन्यांत दुर्बीण कपाटावर गेली.

पुढच्या वर्षी नुसती चटई आणि एक कागदी नकाशा घेऊन पुन्हा बसलो, आणि या वेळी जमलं. तोच क्रम खाली देतोय. महिने आणि दिशा उत्तर गोलार्धातल्या, पण विषुववृत्तापासून फार लांब नसलेल्या वाचकाला धरून आहेत. तुम्ही बरेच उत्तरेला असाल तर दक्षिण क्षितिजाजवळचे तारे दिसणार नाहीत, बाकी सगळं तेच.

१. सामान जमवा

यादी छोटी आहे:

- चटई किंवा मागे कलणारी खुर्ची. उभं राहून पंधरा मिनिटांत मान दुखते आणि माणूस कंटाळतो, तारे कंटाळवाणे असतात म्हणून नव्हे.
- लाल प्रकाशाचा टॉर्च. साध्या टॉर्चवर लाल जिलेटीन कागदाच्या तीन-चार घड्या रबराने बांधल्या तरी चालतं.
- कागदी आकाशनकाशा. तारीख आणि वेळ जुळवायची फिरती तबकडी मिळाली तर उत्तम. ती मात्र तुमच्या अक्षांशाचीच घ्या.
- नोंदवही आणि पेन्सिल. दवाने पेनची शाई पसरते.
- वाटतात त्याहून एक थर जास्त कपडे, आणि डासांचं मलम.

मोबाइलवर ‘स्टेलेरियम’सारखं ॲप घरी तयारी करायला फार चांगलं. बाहेर मात्र तो खिशातच ठेवा. का, ते तिसऱ्या पायरीत.

२. रात्र निवडा, म्हणजे चंद्राला विचारा

नवख्यांचा पहिला सापळा हा: पौर्णिमेला छान चांदणं असतं, म्हणून तारे बघायला पौर्णिमेला जाणं. चंद्रप्रकाशात मंद तारे पुसले जातात आणि आकाशगंगा तर नाहीशीच होते.

पौर्णिमेनंतर चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो. त्यामुळे कृष्ण पंचमी-षष्ठीपासून रात्री दहापर्यंतचं आकाश काळोखं मिळायला लागतं. तिथून शुक्ल चतुर्थीपर्यंतच्या संध्याकाळी आपल्या. अमावास्येच्या आगेमागे तर रात्रभर.

चंद्रच बघायचा असेल तर शुक्ल अष्टमीच्या आसपास बघा. उजेड आणि अंधाराच्या सीमारेषेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात आणि खडबडीतपणा उठून दिसतो. पौर्णिमेला त्याच विवरांवर ऊन डोक्यावरून पडतं, सावली नाही, सगळं सपाट. द्वितीया-तृतीयेच्या कोरीमागे उरलेला चंद्र अंधुक राखाडी दिसतो, तोही सोडू नका. तो पृथ्वीवरून परतलेल्या प्रकाशाने उजळलेला असतो.

३. जागा आणि अंधाराची सवय

जागेबद्दल लोक फार अडून बसतात. अंधारं माळरान मिळालं तर काय हवं, पण शहरातल्या गच्चीवरूनही चंद्र, ग्रह, जोडतारे आणि तेजस्वी तारकासमूह नीट दिसतात. किंबहुना नवख्याला शहरी आकाश सोपं जातं, कारण मोजकेच तारे दिसतात आणि मुख्य आकृत्या गर्दीत हरवत नाहीत. पूर्ण काळोख लागतो तो आकाशगंगा, तेजोमेघ (वायू आणि धुळीचे ढग) आणि दीर्घिकांसाठी (आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे दूरचे समूह). पहिली ओळख गच्चीवर करून घ्या, मग वर्षातून दोन-तीनदा लांब जा. आणि जायचं तर दोघं-तिघं मिळून, जागा दिवसा एकदा पाहून ठेवून.

खरं काम जागेपेक्षा डोळ्यांचं असतं. उजेडातून बाहेर आल्यावर बाहुली मिनिटभरात मोठी होते, पण दृष्टिपटलावरच्या दंडपेशींना, म्हणजे मंद प्रकाश टिपणाऱ्या पेशींना, पूर्ण संवेदनशील व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात मोबाइलचा पांढरा पडदा एकदा जरी बघितला तरी घड्याळ पुन्हा शून्यावर. या पेशींवर लाल प्रकाशाचा परिणाम फार कमी होतो, म्हणून लाल टॉर्च.

अजून एक युक्ती. मंद वस्तूकडे रोखून पाहू नका, तिच्या किंचित बाजूला पाहा. दृष्टिपटलाच्या अगदी मध्यावर दंडपेशी नसतात, त्या भोवताली असतात. पहिल्यांदा ही गोष्ट खोटी वाटते. मग एक दिवस समोर पाहिलं की गायब, बाजूला पाहिलं की हजर असा धुरकट ठिपका सापडतो आणि पटतं.

४. दिशा आणि हाताची पट्टी

आधी उत्तर शोधा. ध्रुवतारा सर्वांत तेजस्वी असतो ही समजूत डोक्यातून काढा. तो दुसऱ्या प्रतीचा, म्हणजे तेजस्वी ताऱ्यांच्या पहिल्या प्रतीहून एक पायरी मंद, असा साधा तारा आहे. त्याचं महत्त्व तेजात नाही, जागच्या जागी राहण्यात आहे. क्षितिजापासून त्याची उंची तुमच्या अक्षांशाइतकी असते: १८ अंश उत्तर अक्षांशावर असाल तर तो १८ अंशांवर, म्हणजे समोरच्या इमारतीमागे दडलेला असण्याचीच शक्यता जास्त.

अंश मोजायला हात पुरतो. हात पूर्ण ताणून धरायचा:

- करंगळीची रुंदी: साधारण १ अंश
- मधली तीन बोटं: ५ अंश
- बंद मूठ: १० अंश
- ताणलेली वीत: २० ते २५ अंश

पौर्णिमेचा चंद्र जेमतेम अर्ध्या अंशाचा, म्हणजे करंगळीआड दोन चंद्र मावतात. करून बघा, कोणालाच आधी खरं वाटत नाही.

आता नकाशाचा सापळा. आकाशनकाशात उत्तर वर ठेवली तर पूर्व डावीकडे छापलेली असते. ती छपाईची चूक नाही. नकाशा जमिनीकडे बघत वाचायचा नसतो, डोक्यावर उपडा धरायचा असतो, की दिशा आपोआप जुळतात. मी पहिले तीन दिवस तो मांडीवर ठेवून वाचला आणि पूर्वेला उगवलेले तारे पश्चिमेला शोधत बसलो.

५. पहिला तारकासमूह: मृग

सुरुवात मृगापासूनच करा, जानेवारी-फेब्रुवारीत, रात्री नऊच्या सुमाराला. डोक्यापासून थोडा दक्षिणेकडे चार ताऱ्यांचा मोठा चौकोन दिसेल. हे हरणाचे चार पाय, आणि पोटात घुसलेला तीन ताऱ्यांचा सरळ बाण. तो बाण एकदा दिसला की आयुष्यात पुन्हा शोधावा लागत नाही.

आता त्या बाणाने आकाश उघडायचं. रेषा आग्नेयेकडे दोन मुठींहून थोडी जास्त वाढवा, बाण मारणारा व्याध भेटेल. रात्रीच्या आकाशातला हा सर्वांत तेजस्वी तारा, अंतर फक्त ८.६ प्रकाशवर्षं. तीच रेषा उलट्या दिशेने तेवढीच नेली की तांबूस रोहिणी, आणि आणखी दीड मूठ पुढे कृत्तिकांचा झुबका. कृत्तिकांत किती तारे दिसतात ते मोजून वहीत लिहा. सहा दिसले तर आकाश ठीक, आठ-नऊ दिसले तर फारच छान.

मग रंग. चौकोनातला काक्षी तांबडा आणि त्याच्या समोरच्या कोपऱ्यातला राजन्य निळसर पांढरा. काक्षीचा पृष्ठभाग साडेतीन हजार केल्विनच्या आसपास, राजन्याचा बारा हजारांच्या. म्हणजे लाल तो थंड आणि निळा तो गरम, लोहाराच्या भट्टीत दिसतं तसंच. काक्षी २०१९च्या अखेरीस आणि २०२०च्या सुरुवातीला नुसत्या डोळ्यांना कळावा इतका मंदावला होता. आता फुटणार अशी हाकाटी झाली, निघाला तो ताऱ्यानेच बाहेर टाकलेला धुळीचा ढग. पण गंमत अशी, की रोज मृग बघणाऱ्या हौशी मंडळींना तो फरक बातमी वाचायच्या आधीच जाणवला असणार.

बाणाच्या दक्षिणेला तीन मंद ताऱ्यांची छोटी ओळ आहे. तिच्यातला मधला तारा जरा पुसट, मऊ वाटेल. तो तारा नाहीच, तेजोमेघ आहे. सुमारे तेराशे प्रकाशवर्षांवर तिथे आत्ता नवे तारे जन्मतायत.

६. मराठी महिने म्हणजे तयार वेळापत्रक

ही गोष्ट मला कोणी पहिल्याच दिवशी सांगितली असती तर सहा महिने वाचले असते. आपल्या महिन्यांची नावं त्या महिन्याच्या पौर्णिमेला चंद्र ज्या नक्षत्रात किंवा त्याच्या शेजारी असतो त्यावरून पडली आहेत. चैत्र म्हणजे चित्रा, ज्येष्ठ म्हणजे ज्येष्ठा, श्रावण म्हणजे श्रवण, कार्तिक म्हणजे कृत्तिका, मार्गशीर्ष म्हणजे मृगशीर्ष, माघ म्हणजे मघा.

पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो. म्हणजे सूर्य मावळताना तो आणि त्याचं नक्षत्र पूर्वेला उगवतात आणि रात्रभर दिसतात. थोडक्यात, चालू महिन्याचं नाव घ्या, संध्याकाळी पूर्वेला तोंड करा, नावातलं नक्षत्र तिथे वर येत असेल. प्रत्यक्ष बघायला त्याच महिन्याचा कृष्ण पक्ष धरा, कारण तारे रोज सुमारे चार मिनिटं लवकर उगवतात. पंधरा दिवसांत तेच नक्षत्र तासभर आधी वर आलेलं असतं, आणि चंद्रही वाटेत नसतो.

रोज चार मिनिटं म्हणजे महिन्याला दोन तास. आज रात्री अकराला जे आकाश दिसतं तेच महिन्याभराने नऊला. म्हणून पुढच्या ऋतूचे तारे आधीच बघायचे असतील तर फक्त उशिरापर्यंत जागायचं.

७. वर्षभरात काय बघाल

एप्रिल-मे: उत्तरेला सप्तर्षी उंच आलेले असतात. पुढचे दोन, पुलह आणि क्रतु, यांना जोडणारी रेषा त्यांच्या अंतराच्या पाचपट वाढवली की ध्रुव. शेपटीतला मधला वसिष्ठ, त्याला चिकटून अरुंधती. दोन्ही वेगळे दिसले तर नजर चांगली आहे. शेपटीची कमान तशीच वळवत पुढे नेली की केशरी स्वाती, आणि त्याच वळणाने पुढे पांढरीशुभ्र चित्रा. डोक्याजवळ मघाचा सिंह. याच दिवसांत दक्षिण क्षितिजालगत त्रिशंकूचे चार तारे दिसतात. त्यासाठी दक्षिणेकडे आडोसा नको.

जून ते ऑगस्ट: ढगांनी परवानगी दिली तर हे वर्षातलं सर्वांत श्रीमंत आकाश. दक्षिणेकडे वृश्चिक, खरोखर विंचवासारखा दिसणारा, नांगीसकट. बहुतेक तारकासमूहांत नावातला प्राणी शोधायला कल्पनाशक्तीवर फार जोर द्यावा लागतो, इथे नाही. त्याच्या छातीतली ज्येष्ठा लालभडक. नांगीच्या पूर्वेला धनू, आणि या दोघांच्या मधल्या दिशेला, २६ हजार प्रकाशवर्षांवर, आपल्या आकाशगंगेचं केंद्र. काळोख्या जागी हा पट्टा पहिल्यांदा दिसतो तेव्हा हमखास ढग वाटतो. दहा मिनिटांनी तो हलला नाही की मग कळतं. माझ्याबरोबर आलेल्या एकाने तर ‘ढग आले, चला’ म्हणून सामान आवरायलाच घेतलं होतं.

सप्टेंबर-ऑक्टोबर: डोक्यावर अभिजित, श्रवण आणि हंस यांचा मोठा त्रिकोण. अभिजित २५ प्रकाशवर्षांवर, श्रवण १७. हंस मात्र शेकड्यांनी नव्हे, हजारांत मोजावा इतका लांब, तरी पहिल्या प्रतीचा दिसतो. मूळ ताऱ्याच्या तेजाचा अंदाज यावरूनच बांधा.

नोव्हेंबर-डिसेंबर: पूर्वा आणि उत्तरा भाद्रपदांचा रिकामा चौकोन शोधा. नवख्यांना तो सापडत नाही, कारण त्यांची अपेक्षा लहान आकृतीची असते. एकेक बाजू दीड मूठ आहे! चौकोनाच्या ईशान्य कोपऱ्यापासून पुढे दोन तारे मोजा, दुसऱ्यावर थांबा, तिथून काटकोनात उत्तरेकडच्या, इंग्रजी M सारख्या शर्मिष्ठेच्या दिशेने दोन मंद तारे चढा. दुसऱ्याशेजारी लांबट धुरकट डाग दिसेल, अर्थात बाजूच्या नजरेने. ती देवयानी दीर्घिका, २५ लाख प्रकाशवर्षांवर. नुसत्या डोळ्यांना सहज दिसणारी ही सर्वांत दूरची वस्तू. मला ती चौथ्या रात्री सापडली, आणि सापडल्यावर पहिला विचार आला, की एवढासाच डाग? घरी जाऊन अंतराचा आकडा पुन्हा वाचला तेव्हा झोप उडाली.

८. ग्रह ओळखणं

नकाशात नसलेला तेजस्वी ठिपका दिसला आणि तो लुकलुकत नसेल तर बहुधा ग्रह. तारा इतका लांब असतो की तो बिंदूच राहतो आणि हवेच्या हालचालीने त्याचा प्रकाश थरथरतो. ग्रहाला बारीक का होईना चकती असते, म्हणून तो शांत दिसतो. क्षितिजालगत मात्र जाड हवेतून ग्रहही लुकलुकतात, तिथे घाईने निकाल देऊ नका.

ग्रह कुठेही भटकत नाहीत, सूर्य-चंद्राच्याच वाटेने, म्हणजे आयनिकवृत्तावरून जातात. मघा, चित्रा, ज्येष्ठा, रोहिणी हे तारे त्या वाटेवरचे मैलाचे दगड. शुक्र सूर्यापासून ४७ अंशांहून आणि बुध २८ अंशांहून लांब जात नाही. त्यामुळे मध्यरात्री डोक्यावर शुक्र दिसला असं कोणी सांगितलं तर तो गुरू असणार. चार-सहा मिनिटांत आकाश ओलांडणारा, न लुकलुकणारा ठिपका म्हणजे कृत्रिम उपग्रह. लाल-हिरवे दिवे असतील तर विमान.

९. उल्कावर्षाव आणि फसवा आकडा

तारखा दरवर्षी जवळपास त्याच: ३-४ जानेवारी, ययाती समूहातला १२-१३ ऑगस्टचा, सिंहेतला १७-१८ नोव्हेंबरचा आणि मिथुनेतला १३-१४ डिसेंबरचा. त्या वर्षी त्या रात्री चंद्र कुठे आहे ते आधी बघा, अर्धा निकाल तिथेच लागतो. सिंहेतल्या उल्का १८३३ आणि १९६६ साली अक्षरशः पावसासारख्या पडल्या होत्या, पण एरवीच्या वर्षी ताशी दहा-पंधरा.

बातम्यांत येणारा ‘ताशी १५०’ हा आकडा उगमबिंदू (उल्का जिथून निघाल्यासारख्या वाटतात ती जागा) थेट डोक्यावर आणि आकाश आदर्श काळोखं आहे असं धरून काढलेला असतो. प्रत्यक्षात त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाची तयारी ठेवा. मध्यरात्रीनंतर पृथ्वीची पुढची बाजू आपल्याकडे येते, म्हणून तेव्हा जास्त दिसतात. मिथुन रास संध्याकाळीच उगवत असल्याने डिसेंबरचा वर्षाव दहापासूनही बरा. उताणं पडायचं, दुर्बिणीला हात लावायचा नाही, आणि उगमबिंदूकडे टक लावण्यापेक्षा आकाशाचा मोठा भाग नजरेत ठेवायचा. किमान एक तास. पंधरा मिनिटं बसून ‘काही दिसलं नाही’ म्हणणाऱ्यांची संख्या फार मोठी आहे.

१०. वही

तारीख, वेळ, जागा, ढग-चंद्र, काय दिसलं. बस. माझ्या वहीतली एक नोंद: ‘१४ डिसें., रात्री १.१० ते २.१०, गच्ची, चंद्र नाही. ३१ उल्का. २६ मिथुनेतून. एक हिरवट, रेघ दोन सेकंद टिकली. पाय गार.’ चित्र काढता येत नसेल तरी ठिपके मांडा. ताऱ्यांची नावं पाठ करून राहत नाहीत, ठिपके मांडून राहतात.

११. आता दुर्बीण

पंधरा-वीस तारकासमूह न बघता सांगता यायला लागले की उपकरणाकडे वळा. पहिलं उपकरण दोन्ही डोळ्यांची दुर्बीण, ७×५० किंवा १०×५०. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दहापटीहून जास्तीची हातात स्थिर राहत नाही. कोपरं खुर्चीच्या हातांवर टेकवा आणि कृत्तिका बघा. मग मृगातला तेजोमेघ, गुरूचे चंद्र, देवयानी. भिंगावर दव धरलं तर पुसू नका, ओरखडे पडतात. झाकून ठेवा, आपोआप सुकू द्या.

एक नियम मोडायचा नाही. कोणत्याही दुर्बिणीतून सूर्याकडे बघायचं नाही, क्षणभरही नाही, मावळतीच्या लालसर सूर्याकडेही नाही. दृष्टिपटल भाजताना दुखत नाही, म्हणून उशिरा कळतं. ग्रहणाचा चष्मा घालून दुर्बिणीला डोळा लावणं हाही तोच अपघात. भिंगांनी गोळा केलेली उष्णता चष्मा सहज वितळवते. दिवसा दुर्बीण उघडी ठेवून उठू नका, विशेषतः घरात मुलं असतील तर.

मोठी दुर्बीण घेताना पटींकडे बघू नका, व्यासाकडे बघा. उपयोगी वर्धनाची मर्यादा व्यासाच्या मिलिमीटरच्या साधारण दुप्पट. माझ्या पहिल्या दुर्बिणीचं भिंग ६० मिलिमीटरचं, म्हणजे १२० पटींच्या पुढे फक्त मोठा धूसर गोळा. मग ते ५२५ आले कुठून? नाभीय अंतर (भिंगापासून प्रतिमा बनते तिथपर्यंतचं) ७०० मिलिमीटर, त्याला ४ मिलिमीटरची नेत्रिका (डोळ्याजवळचं भिंग), ७०० भागिले ४ म्हणजे १७५ पट, त्यावर तिप्पट करणारं जादा भिंग. गणित बरोबर, दिसणार मात्र काही नाही.

ती दुर्बीण शेवटी मी कपाटावरून काढली. तिपाईचे पाय आखूड केले, मध्यभागी वाळूची पिशवी टांगली आणि खोक्यातली सर्वांत दुर्लक्षित २० मिलिमीटरची नेत्रिका लावली, फक्त ३५ पट. शोधक दुर्बीण (मोठीवर बसवलेली, नेम धरायची छोटी) संध्याकाळी उजेड असतानाच लांबच्या मनोऱ्याच्या टोकावर जुळवून घेतली. रात्री गुरू लगेच सापडला. दोन्ही बाजूंना मिळून चार ठिपके, एका रेषेत. वहीत मांडले. तीन तासांनी पुन्हा पाहिलं तर आतला एक ठिपका गुरूच्या जवळ सरकला होता.